तात्यांची कवळी आणि शर्वाणीची सायकल

मिरजेच्या कागवाड्यांच्या घरात तात्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या होकाराशिवाय घरात नवा चमचाही येत नसे. पुतणी शर्वाणी स्वतःच्या मापाची फ्रेम बांधून सायकल करून घेणार, हे कळताच त्यांनी जेवता जेवताच निकाल दिला.

"दुकानात एवढ्या सायकली टांगल्यात. माणसानं सायकलीशी जुळवून घ्यावं, सायकलीनं माणसाशी नव्हे!"

शर्वाणी चांगली उंच. शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवायला ती रोज सायकलनं जायची आणि घरी येईपर्यंत तिची पाठ धरायची. पैसे तिचेच होते. तरी ही गरज की नुसती हौस, हे ती स्वतःलाही विचारत होती. तेवढ्यात भाकरी चावणाऱ्या तात्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला उत्तर सापडलं.

"तात्या, तुमची कवळी दुकानात टांगलेली होती का हो?"

"खुळी का काय! डॉक्टरांनी हिरड्यांचं माप घेऊन बनवलीय."

"उगीच खर्च केलात. आजोबा गेले तरी त्यांची कवळी फडताळात तशीच आहे, अगदी धडधाकट. तोंडानं घेतलं असतं जुळवून."

वाढणाऱ्या काकूंनी तोंडाला पदर लावला. तात्या मात्र हसले नाहीत की चिडले नाहीत. तोंडातला घास नीट चावून संपवला. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले,

"कारागिराला माप नीट घ्यायला सांग. आणि चालवून बघितल्याशिवाय घरी आणू नकोस. माझी पहिल्यांदा फार टोचली होती."