जरा पाठ टेका

“मग जायफळानं काय झालं?” बाळेखान वस्तादांनी विचारलं.

“काय व्हायचंय?” सर्जेराव पैलवान म्हणाले. “घट्ट दूध, वर जायफळ उगाळलेलं. पेला रिकामा केला आणि सकाळपर्यंत टक्क जागा. जायफळ हरलं.”

“खसखस?”

“खसखशीची खीर झाली. ती पण हरली.”

“तळपायाला तूप लावलंस?”

“शालन तासतासभर काशाच्या वाटीनं घासते. वाटी काळीठिक्कर पडली, तिचे हात भरून आले. माझा डोळा काय लागला नाही.”

एवढं बोलून पैलवानांनी मिशीवरून हात फिरवला. मिशी नव्हती. दुसऱ्या डोसानंतर डोक्याच्या केसांबरोबर तीही गेली होती. हात मात्र सवयीनं जायचाच.

आता ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी मैदानं मारल्याची यादी सांगतोय. अहो, अकरा रात्री माणसाला झोप नाही, आणि सांगणं कसं, तर छाती पुढं काढून! पण सर्जेराव मगदूम म्हणजे तसेच. पंचक्रोशीत त्यांच्या नावाला अजून वजन होतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा लोक त्यांना बघून खुर्ची सोडायचे. साऱ्या हयातीत त्यांच्या पाठीला माती लागली नव्हती, आणि हे सांगताना गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही आवाज चढायचा. आमचा पैलवान, असंच म्हणायचे सगळे.

या पैलवानाला तीन महिन्यांपूर्वी आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी सहा डोस सांगितले. दोन झाले, तिसरा सोमवारी होता. पण दुसऱ्या डोसापासून झोप उडाली ती उडालीच. वजन उतरलं, जिना चढताना पाय लटपटायला लागले. बाईंनी स्वच्छ सांगितलं, “काका, अंगात एवढासुद्धा त्राण राहिला नाही तर सोमवारचा डोस मला देता येणार नाही. आणि डोस लांबवणं आपल्याला परवडणार नाही.”

म्हणून शालनताईंनी शेजारच्याची गाडी ठरवली आणि नवऱ्याला थेट तालमीत आणून सोडलं. घरात कुणाचं ऐकत नव्हते, पण वस्तादांचं ऐकतील, एवढीच तिला आशा होती. ती स्वतः बाहेर पायरीवर बसून राहिली. बायकांनी तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, ही जुनी रीत. रीत बरी की वाईट ते राहू द्या, पण तीस वर्षांत तिनं ती मोडली नव्हती.

सकाळचे दहा वाजले होते. पोरांची मेहनत आटोपली होती. खुराक खाऊन ती आतल्या खोलीत घोरत पडली होती. हौद्यातल्या तांबड्या मातीला ताकाचा आणि हळदीचा वास येत होता. भिंतीवर मारुतीची तसबीर. तिला रोज सकाळी ताजा हार घालायचं काम वस्तादांचं, आणि ते त्यांनी चौऱ्याऐंशीव्या वर्षीही कुणाला दिलेलं नव्हतं.

“लई झोपतात आजकालची पोरं,” सर्जेराव आतल्या घोरण्याकडं बघत म्हणाले.

“झोपलं तर अंग भरतं,” वस्ताद म्हणाले. “तू पण झोपायचास. तुला उठवायला घागर ओतावी लागायची.”

सर्जेराव हसले. खूप दिवसांनी हसले.

“डॉक्टरांनी काय दिलंय का झोपंसाठी?”

“एक गोळी दिलीय. रात्री जेवल्यावर घ्यायची म्हणून.”

“मग?”

“घेतली नाही.”

“का रं?”

“वस्ताद, लोक काय म्हणतील? पैलवान माणूस गोळी खाऊन झोपतो?”

“हं… अजून काय चाललंय?”

सर्जेरावांनी इकडंतिकडं बघितलं, आणि कोटाच्या खिशातून एक बाटली काढली. “मेव्हण्यानं आणलाय. काढा आहे. सतरा मुळ्यांचा. सकाळ-संध्याकाळ दोन दोन झाकणं.”

“बाईंना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं नाही.”

वस्तादांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, आणि आपल्या मांडीखाली ठेवून दिली.

“सर्जा, मी तुला डाव शिकवत असताना तू गुपचूप दुसऱ्या तालमीत जाऊन तिथला डाव शिकून आला असतास, तर मी काय केलं असतं?”

“कानाखाली जाळ काढला असता.”

“आणि बदाम कोण खात हुतं? रोज मूठभर?”

“मी. तो खुराक होता.”

“सांगितला कुणी?”

“तुम्ही.”

“ही गोळी कुणी सांगितली?”

“…डॉक्टरीणबाईंनी.”

“मग ह्या कुस्तीत तुझा वस्ताद कोण?”

एवढ्या वर्षांत बाळेखान वस्तादांनी आपली गादी दुसऱ्या कुणाला दिल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि दिली कुणाला, तर एका तिशीतल्या पोरीला! त्यांना ते कुठंतरी लागलं. पण वस्तादांच्या तोंडावर रुसवा नव्हता.

“घेतो,” ते शेवटी म्हणाले. “आज रात्रीपासून घेतो. पण वस्ताद, गोळीनं पण काय होणार नाही. मला ठाऊक आहे.”

“कशावरनं?”

सर्जेराव कोटाचं बटण चाळवत राहिले.

“झोपतोस कसा? कुशीवर, का पालथा?”

सर्जेरावांनी मान फिरवली.

“अरं, इचारतोय मी.”

“खुर्चीत.”

“कसल्या खुर्चीत?”

“सोप्यातल्या. लाकडी. ताठ बसतो.”

“अकरा रात्री?”

“अकरा रात्री,” सर्जेराव म्हणाले, आणि आवाजात पुन्हा तोच ताठा आला. “पाठ टेकली नाही, वस्ताद!”

वस्ताद बघतच राहिले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्याआमच्या घरात ‘जरा पाठ टेका’ हे मायेचं बोलणं. दमून आलेल्याला आई म्हणते, बायको म्हणते. मगदुमांच्या घरात मात्र हे शब्द कधीच कुणी उच्चारले नाहीत. शालन लग्न होऊन आली, त्याच दिवशी सासूनं तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, “हितं पाठ टेका म्हणायचं नाही बाई. आडवं व्हा म्हणायचं.” कारण पैलवानाच्या घरी त्याचा अर्थ एकच. दोन्ही खांदे मातीला लागले, की पाठ टेकली. पाठ टेकली, की कुस्ती गेली.

आणि दुसऱ्या डोसाच्या दिवशी दवाखान्यातली ती केरळची नर्स, बिचारी नुकतीच मराठी शिकलेली, खाटेवर हात थोपटून गोड आवाजात म्हणाली, “काका, पाठ टेका.”

आजूबाजूला आठ-दहा माणसं होती. सर्जेराव आडवे झाले. सुई टोचली. औषध थेंब थेंब आत जायला लागलं. आणि त्यांना त्या पांढऱ्या चादरीखाली माती लागली.

हे त्यांनी शालनला सांगितलं नव्हतं. पोराला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. आत्ता वस्तादांसमोर, खाली मान घालून, एकेक शब्द उपटून काढावा तसं सांगितलं.

“ते छातीवर बसलंय, वस्ताद. एकदा पाठ टेकली, डोळा मिटला, की संपलं. पुकारा होणार. म्हणून मी टेकतच नाही… मला भ्या वाटतंय.”

शेवटचे शब्द इतके हळू आले, की आतल्या घोरण्यात बुडाले असते. पण वस्तादांना ऐकू गेले.

वस्तादांनी मांडीखालची बाटली काढून बाजूला ठेवली.

उठले. डोक्याचा पटका सोडून खुंटीला अडकवला. भिंतीला धरत धरत हौद्यापर्यंत गेले, कपाळाला माती लावली, आणि एकेक पाय करत आत उतरले.

“वस्ताद, काय करताय?”

वस्ताद गुडघ्यावर बसले. मग हाताच्या कोपरावर. आणि मग सावकाश, पांढऱ्या सदऱ्यासकट, मातीत उताणे झाले. दोन्ही खांदे टेकून.

सर्जेराव ताडकन उभे राहिले. अहो, त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं! ज्या माणसाला भल्याभल्यांना हात लावता आला नाही, ज्याच्या नावानं ही तालीम उभी, तो हौद्यात उताणा!

“उठा वस्ताद! कुणीतरी बघंल!”

“गप रं. आढं बघतोय.”

“काय?”

“साठ वर्षं हितं घालवली, पण तालमीचं आढं कसं हाय ते कधी बघितलंच न्हाई. च्यायला… तिसऱ्या वाशापाशी कौल फुटलंय की.”

“वस्ताद, पाया पडतो तुमच्या. पोरं उठतील. तुमची पाठ…”

“काय झालं पाठीला?”

सर्जेरावांनी आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

“बोल की.”

“…टेकली.”

“कुणी टेकवली?”

सर्जेरावांनी हौद्यात बघितलं. माती होती, म्हातारा होता. दुसरं कुणी नव्हतं.

“माझ्या अंगावर कोण दिसतंय का तुला?”

“नाही.”

“मग पुकारा कर. कोण जिंकलं त्याचं नाव घे.”

सर्जेरावांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. आतलं एक पोर कूस बदलून पुन्हा घोरायला लागलं. सर्जेरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. वस्तादांनी आपली आयुष्याची अब्रू त्यांच्यासाठी मातीत घातली होती. त्यांना लाज वाटली, आणि असल्या माणसाचे आपण पठ्ठे आहोत म्हणून ऊरही भरून आला.

त्यांनी चप्पल काढली आणि हौद्याकडं पाऊल टाकलं.

“तिथंच थांब,” वस्ताद पडल्या पडल्या गरजले. “तुला मातीची बंदी हाय. बाईंनी सांगितलंय ना, जखम-बिखम होता कामा नये म्हणून? कट्ट्यावर धुतलेली चादर हाय. ती घाल.”

सर्जेरावांनी चादर घातली. बसले. एका कोपरावर रेलले. मग डावा खांदा टेकला.

उजवा टेकेना.

पन्नास वर्षांची सवय ती, मान कडक करून खांदा वर धरून ठेवायची. कपाळावर घाम आला.

“सर्जा,” हौद्यातनं आवाज आला. “ती पंजाबच्या पैलवानाची सांग.”

“आत्ता?”

“मला झोप येईना. सांग.”

आता या कुस्तीचं नाव काढलं, आणि सर्जेराव गप्प बसले, असं कधी झालेलं नाही.

“जत्रेचं मैदान,” त्यांनी सुरुवात केली. “पोरं झाडांवर चढलेली. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. हात मिळवला, आणि मला कळलं वस्ताद, याच्या पंजात रेडा मावंल.”

“मग?”

“मग खडाखडी. दहा मिनिटं नुसती खडाखडी. त्यानं पट काढायला माझ्या पायांकडं झेप घेतली, मी मागं सरलो. पुन्हा घेतली. तुम्ही कडेला उभे. तुमचा आवाज आला, ‘दम खा, सर्जा.’”

“व्हय. वरडलो हुतो.”

“दम खाल्ला. वीस मिनिटं झाली. तो फासफूस करायला लागला. मी म्हणलं, ये बाबा, ये… असा जवळ आला… मी खांदा दिला त्याला, मुद्दाम…”

उजवा खांदा चादरीला कधी टेकला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“आणि मग मी… बाहेरची टांग… वस्ताद, अशी टांग लावली… की त्यो…”

“की त्यो?”

उत्तर आलं नाही.

वस्तादांनी थोडी वाट बघितली. मग कुशीवर वळले, हात टेकत टेकत उठले, हौद्याच्या कडेला धरून बाहेर आले. कट्ट्यापाशी जाऊन वाकून बघितलं. सर्जेराव मगदूम दोन्ही खांदे टेकून, तोंड उघडं टाकून झोपले होते. आधी बारीक शिटी वाजल्यासारखा आवाज आला. मग घोरणं असं सुरू झालं, की आतली पोरं मागं पडली.

वस्ताद दारात जाऊन बसले. बाहेरच्या कुत्र्याला एकदा हाकललं. दूधवाला आला, त्याला खुणेनंच किटली ठेवायला लावली. ऊन पायरीवरून वर सरकलं.

बारा वाजून गेले, तशी गाडीवाल्यानं हॉर्न मारला. त्याला पुढचं भाडं होतं. शालनताई उठून उंबऱ्यापर्यंत आल्या. “अहो,” म्हणून हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात वस्ताद त्यांच्याकडं पाठ करून आत बघायला वळले.

त्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत तांबडी माती होती.

शालनताईंनी पदर तोंडाला लावला. पैलवानाच्या घरात तीस वर्षं काढलेली बाई ती, आपण काय बघतोय ते तिला कळत होतं. तिनं घाबरून आत नजर टाकली. कट्ट्यावर नवरा उताणा, दोन्ही हात पसरलेले, आणि तालीम दणाणून सोडणारं ते घोरणं. अकरा रात्री घरात न ऐकलेला आवाज. तिला रडू आवरेना.

“वस्ताद…” ती कसंबसं म्हणाली. “हे… ह्यांनी पाठ…”

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

वस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, सूनबाई. गाडीवाल्याला म्हणावं, कुस्ती सोडवू नगंस. आत्ता कुठं सर्जानं कब्जा घेतलाय.”