टिकलीचं दार आणि फटफटीचं नाक

या, या, बसा जवळ. चुळबूळ करायची नाही. गोष्ट एवढीशीच आहे, पण आवाज मोठ्ठा आहे!

एक होती उंदरी. लिंबाएवढी. तिचं नाव टिकली.

टिकलीचं एक पिल्लू होतं. लिंबाच्या बीएवढं. त्याचं नाव ठिपकू.

तात्यांच्या परसात शेवग्याचं झाड. झाडाखाली टिकलीचं बीळ. बिळाला एक दार. गोल गोल दार.

एकदा काय झालं, ठिपकू झोपला. टिकली म्हणाली, "चला, दाणा घेऊन येऊ." तुरुतुरु तुरुतुरु गेली. तुरुतुरु तुरुतुरु आली. बघते तर काय?

दार गेलं!

दाराच्या जागी एक चाक. मोठ्ठं चाक. गंजकं चाक. चाक बसलंय बरोब्बर दारावर!

आतून आवाज आला, "चूं! आई, भूक!"

अरे देवा! आता गं काय करायचं?

चाक होतं फटफटीचं. फटफटी होती तात्यांची. जुनी, धुळकट, कोपऱ्यात टाकलेली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. आज ती शेवंताक्काने विकत घेतली.

शेवंताक्का कोण? शेवंताक्का बांगडीवाली. गावोगाव जायची. पायी पायी जायची. खांद्यावर बांगड्यांची पेटी, किणकिण किणकिण. पाय दुखायचे, खांदा दुखायचा. म्हणून घेतली फटफटी. कोपऱ्यातून ओढली, शेवग्याखाली उभी केली, आणि मारली किक.

खाट! फुर्र... फुस्स्.

खाट! फुर्र... फुस्स्.

तात्या ओट्यावर बसून हसले. खो खो खो! "अगं शेवंता, ती काय चालतीय? ढकलत ने घरी. ढकलू का मी?"

"हात लावू नका, तात्या!" शेवंताक्का म्हणाली. "माझी फटफटी ढकलत जाणार नाही. माझी फटफटी आवाज करत जाणार!"

शेवंताक्काने प्लग काढला. प्लग काळा कुट्ट. पुसला, लावला, किक मारली. फुस्स्. पुन्हा काढला. पुन्हा काळा कुट्ट! शेवंताक्काने प्लग ठेवला दगडावर. डोकं खाजवलं. हात काळे, म्हणून कपाळही काळं झालं. मग ती गेली पाणी प्यायला.

टिकली गेली चाकाकडे.

"चाकदादा, चाकदादा, सरक ना!"

"का गं टिकले, का गं रडतेस?"

"दार उघडेना,
माझा ठिपकू आत, मी बाहेर!"

चाक म्हणालं, "मी नाही सरकणार. साखळी मला ओढत नाही. साखळीने ओढलं, तर सरकेन."

टिकली गेली साखळीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"साखळीताई, साखळीताई, ओढ ना!"

"का गं टिकले, का गं रडतेस?"

"चाक सरकेना,
दार उघडेना,
माझा ठिपकू आत, मी बाहेर!"

साखळी म्हणाली, "मी नाही ओढणार. इंजिन मला फिरवत नाही. इंजिन फिरलं, तर ओढीन."

टिकली चढली इंजिनावर. सुर्रकन घसरली. पुन्हा चढली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा चढली, आणि बसली एकदाची!

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, फिरा ना!"

इंजिनआजोबा खोकले. खॉक्, खॉक्. "का गं टिकले, का गं रडतेस?"

"साखळी ओढेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
माझा ठिपकू आत, मी बाहेर!"

इंजिन म्हणालं, "मी नाही फिरणार. प्लग ठिणगी पाडत नाही. प्लगने ठिणगी पाडली, तर फिरेन. खॉक्!"

टिकली गेली दगडाकडे. दगडावर प्लग. प्लगचं तोंड काळं.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, ठिणगी पाड ना!"

"का गं टिकले, का गं रडतेस?"

"इंजिन फिरेना,
साखळी ओढेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
माझा ठिपकू आत, मी बाहेर!"

प्लग म्हणाला, "मी नाही पाडणार. बघ माझं तोंड! तो कार्बोरेटर मला पेट्रोल पाजतो, पेट्रोल पाजतो, नुसतं पेट्रोल पाजतो. हवा देतच नाही. म्हणून माझं तोंड काळं. कार्बोरेटरने हवा दिली, तर ठिणगी पाडीन."

बिळातून आवाज आला, "चूं! आई, खूप भूक!"

"आले रे माझ्या राजा, आलेच!" टिकली म्हणाली. डोळे पुसले आणि पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कार्बोरेटर कोण? कार्बोरेटर म्हणजे फटफटीचा आचारी. थोडं पेट्रोल घेतो, पुष्कळ हवा घेतो, ढवळतो, ढवळतो आणि इंजिनाला वाढतो.

"कार्बोरेटरकाका, कार्बोरेटरकाका, हवा द्या ना!"

"का गं टिकले, का गं रडतेस?"

"प्लग ठिणगी पाडेना,
इंजिन फिरेना,
साखळी ओढेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
माझा ठिपकू आत, मी बाहेर!"

कार्बोरेटर म्हणाला, "मी नाही देणार. देऊ कुठून? माझ्याकडे हवा येतेय कुठे? फिल्टर हवा सोडत नाही. फिल्टरने हवा सोडली, तर देईन."

टिकली गेली फिल्टरकडे. फिल्टर म्हणजे फटफटीचं नाक बरं का! सीटखाली एक डबा, डब्याला एक नळी, नळीतून हवा आत जाते. पण आज काही जात नव्हती. सूं नाही आणि सां नाही.

"फिल्टरमामा, फिल्टरमामा, हवा सोडा ना!"

"का गं टिकले, का गं रडतेस?" असं फिल्टरमामांना म्हणायचं होतं. पण म्हणाले काय?

"का गं टिकले, का गं डडतेस?"

टिकलीला हसू आलं. पण हसायला वेळ कुठे होता! ती एका दमात म्हणाली,

"कार्बोरेटर हवा देईना,
प्लग ठिणगी पाडेना,
इंजिन फिरेना,
साखळी ओढेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
माझा ठिपकू आत, मी बाहेर!"

फिल्टरमामा म्हणाले, "बी दाही सोडडार! बाझं दाक बंद आहे! बाझ्या दाकात कापूस आहे!"

"काय? नाकात कापूस? कुणी घातला?"

"बला काय बाहीत! तूच बघ!"

टिकली शिरली नळीत. आधी मिशा, मग डोकं, मग पोट, मग शेपूट. आत अंधार. आत मऊ मऊ. टिकलीने हात लावला. कापूस! टिकलीने वास घेतला. हा वास तर ओळखीचा! कापसात एक लाल दोरा. कापसात शेंगदाण्याचं टरफल.

टिकलीने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! ही तर माझीच गादी!"

आठवलं सगळं. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं होतं. तेव्हा टिकली राहायला आली फटफटीत. ठिपकू जन्मला तो इथेच, याच कापसात. नळीतून गार वारा यायचा. बाळाला सर्दी होईल, म्हणून टिकलीने नळीत कापूस कोंबला होता. गच्च कोंबला होता! पाऊस संपला. टिकली परत बिळात गेली. ठिपकूला नेलं, पण कापूस राहिला तसाच.

बाळाची सर्दी टळली. फटफटीला मात्र सर्दी झाली!

टिकली खाली मान घालून म्हणाली, "मामा, चुकलंच माझं."

"असू दे, असू दे," फिल्टरमामा म्हणाले. "आधी दाक बोकळं कर!"

मग काय विचारता! टिकलीने कंबर कसली. दातांत धरला कापूस. पाय रोवले. ओढ, टिकले, ओढ!

हुश्श! निघाला एक बोळा.

हुश्श! निघाला दुसरा बोळा.

तिसरा काही निघेना. मोठ्ठा होता. टिकलीहून मोठ्ठा! टिकलीने डोळे मिटले, ठिपकूला आठवलं आणि ओढलं जोर लावून. हुश्श... श्श... श्श... पॉप्!

टिकली खाली. कापूस वर.

फिल्टरमामांच्या नाकात वारं शिरलं. "आँ... आँ... आँक्छीं!" धूळच धूळ उडाली. ओट्याखालची कोंबडी पळाली कॉक् कॉक् करत.

"वा! नाक मोकळं!" फिल्टरमामा म्हणाले. आता बघा कसे नीट बोलतात! "सोडली बघ हवा!"

टिकली धावली प्लगकडे. "प्लगभाऊ, हवा आली! आता पाड ठिणगी!"

"पाडतो की. पण तोंड कोण पुसणार?"

टिकलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फडकं होतं मोठं, तिला उचलेना. मग तिने काय केलं? शेपूट पुढे घेतलं आणि त्यानेच पुसलं! घस् घस् घस्. प्लग झाला लख्ख. शेपूट झालं काळं कुट्ट.

तेवढ्यात आली शेवंताक्का.

"अगं बया! प्लग कुणी पुसला? आणि हा कापूस कुठला?"

तिने कापूस पाहिला. नळी पाहिली. लाल दोरा पाहिला. मग पाहिलं, दगडावर प्लगशेजारी एक उंदरी, लिंबाएवढी, शेपूट काळं कुट्ट.

शेवंताक्का मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "नाकात बोळा होता होय! आणि मी आपली तोंड पुसत बसले! शाब्बास गं बाई, शाब्बास! तू तर माझ्याहून भारी मिस्त्री निघालीस!"

टिकलीची छाती फुगली. लिंबाएवढी टिकली मोसंब्याएवढी झाली!

शेवंताक्काने प्लग लावला. पदर खोचला. तात्या ओट्यावरून ओरडले, "अगं, ढकलत ने! ढकलत ने!"

शेवंताक्काने मारली किक.

खाट! फुर्र...

टिकलीने श्वास रोखला.

फट्.

फट् फट्.

फट् फट् फट् फट् फटफटफटफटफट!

फिल्टरने हवा सोडली,
कार्बोरेटरने हवा दिली,
प्लगने ठिणगी पाडली,
इंजिन फिरलं,
साखळीने ओढलं,
चाक सरकलं,
दार उघडलं,
आणि ठिपकू बाहेर!

"आई!" ठिपकू येऊन बिलगला. टिकलीने त्याला चाटलं, कुरवाळलं, पोटाशी घेतलं आणि दूध पाजलं. पोट भरलं, तसे ठिपकूने कान टवकारले.

"आई, केवढा मोठ्ठा आवाज! कुणी केला?"

टिकलीने आपलं काळं शेपूट उंच उभारलं.

"मी!"

तात्यांचं हसू पार पळालं. तोंड मात्र उघडंच राहिलं. शेवंताक्काने परसाला एक फेरी मारली, फट् फट् फट्. दुसरी फेरी मारली, फट् फट् फट्. मग उतरली आणि बांगड्यांची पेटी उघडली. किणकिण किणकिण. आतून काढली एक बांगडी. हिरवी, इवलीशी, तान्ह्या बाळाच्या हातातली.

ती तिने ठेवली टिकलीच्या दाराभोवती. बरोब्बर बसली! दाराला झाली हिरवी हिरवी चौकट.

"तात्या," शेवंताक्का म्हणाली, "इथे आमच्या मिस्त्रीणबाई राहतात. या दारावर कुणी गाडी लावायची नाही. सांगून ठेवते!"

"न्हाई बाई, न्हाई," तात्या म्हणाले. "कोंबडीबी बसू देणार न्हाई!"

शेवंताक्काने आपले काळे हात दाखवले. टिकलीने आपलं काळं शेपूट दाखवलं. दोघी हसल्या. मग शेवंताक्का निघाली बांगड्या विकायला. आता पाय दुखत नाहीत, खांदा दुखत नाही. फट् फट् फट्, किणकिण किणकिण, फट् फट् फट्, किणकिण किणकिण, पार लांब, पार लांब.

टिकलीने कापूस ओढत बिळात नेला. मऊ गादी घातली. मग आंघोळ केली. कान धुतले, मिशा धुतल्या, पाय धुतले.

"आई, शेपूट राहिलं!" ठिपकू म्हणाला.

"राहू दे," टिकली म्हणाली. "ते नाही धुवायचं."

चला, संपली गोष्ट. आता दाखवा बघू हात. काळे आहेत? मग आधी सांगा, आज काय काय दुरुस्त केलंत?