शंभर गाठींची दोरी

एका राज्यात, जिथे जमीन थोडी आणि समुद्र फार, तिथे हेमकेतू नावाचा राजा होता. त्याच्या सात बेटांभोवती पोवळ्यांची जिवंत बाग होती. भट्टीत लाह्या फुटाव्यात तशी ती पाण्याखाली दिवसभर तडतडत असे. बागेच्या मधोमध जास्वंदीसारखं लाल पोवळं होतं. राजाने ते उपटलं आणि मुकुटात बसवलं.

बागेची राखण करणारी जळजोगीण लाटेवर उभी राहिली. म्हणाली, "बाग मुकी होईल, आणि तिच्याबरोबर तुझ्या राज्यात जन्मणारं प्रत्येक लेकरू. बागेचं खरं माप कोणी तुझ्या तोंडावर सांगेल आणि तू ते मानशील, तेव्हा शाप उतरेल." एवढं बोलून ती मिठासारखी विरघळली.

सात वर्षं झाली. एकही मूल रडलं नाही. त्या राज्यात रीत अशी की मूल पहिल्यांदा रडेल तेव्हाच त्याचं बारसं. त्यामुळे सात-सात वर्षांची पोरं बिननावाची हिंडत होती.

मांत्रिक दर्पणनाथ दरसाल राजनौकेतून जादूचा आरसा पाण्यावर धरी, रंग दिसेल तिथेच मापाची दोरी सोडी आणि सांगे, "बाग ठणठणीत आहे, महाराज. खोट आहे ती आयांच्या दुधात." राजा नगारे वाजवी.

त्या आयांपैकी एक भिवरा. पाणबुड्यांची लेक, पाठशाळेत शिकलेली. तिची मुलगी नऊ महिन्यांची. शेजारणी म्हणत, "किती गुणाचं बाळ गं, रडत नाही." भिवरा हसून मान डोलवी, आणि दिवसातून वीसदा बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघे. आपल्या दुधात खरंच खोट असेल का, हा विचारही तिने पुष्कळदा करून पाहिला होता. मग एका सकाळी तिला विचारापेक्षा राग जास्त आला. तिने शंभर गाठींची दोरी घेतली, बाळाची झोळी होडीत बांधली आणि वल्हं मारलं.

होडीच्या टोकावर एक खंड्या येऊन बसला.

"मोजायला निघालीस?" खंड्या म्हणाला.

"निघाले. जमेलच असं नाही."

"तीन जागी मोज. उथळात, कडेला, उताराला. दोरी डोळे मिटून टाक. प्रत्येक गाठीखाली जे असेल ते लिही. आवडलं तरी, नाही आवडलं तरी."

"आणि बाळ?"

"झोळी मी हलवतो. एक पाय मोकळाच असतो माझा."

उथळात तिने दोरी टाकली. बुडी मारायची, दहा गाठी बघायच्या, वर येऊन पाटीवर खडूने खूण करायची, बाळाचा श्वास बघायचा, पुन्हा बुडी.

"पाणबुड्यांची म्हणवतेस," खंड्या म्हणाला, "आणि बेडकासारखी वर-खाली करतेस."

"तुला अंडी झाली की बोलू आपण."

उथळात शंभरात नव्वद गाठींखाली हाडासारखं पांढरं होतं.

कडेला त्याहून वाईट. एका गाठीपासून जेमतेम हातभर अंतरावर जांभळं, टवटवीत पोवळं होतं. भिवराला वाटलं, एवढंसं तर अंतर. तिने दोरी हळूच सरकवली. शेजारी हजार वर्षांचा महाशिंपला होता. त्याने तिची वेणी धरली.

"दर्पणनाथानेही पहिल्या वर्षी हातभरच सरकवली होती," शिंपला म्हणाला.

भिवराचा श्वास संपत आला. तिने दोरी जागेवर नेली. शिंपल्याने वेणी सोडली. वर येऊन तिने पाटीवरचं कडेचं माप पुसलं आणि कड पहिल्या गाठीपासून मोजली.

उतारावर मात्र बराच रंग होता. तिचा जीव सुपाएवढा झाला. तिथे एक म्हातारा मासा पहाऱ्याला होता.

"किती जिवंत?" त्याने विचारलं.

"शंभरात साठ."

"किती जातींचं?"

भिवरा पुन्हा खाली गेली. पूर्वी इथे चाळीस जाती होत्या: शिंगांसारख्या, पंख्यासारख्या, मेंदूसारख्या वळ्यांच्या. आता साठही गाठींखाली एकच पिवळी जात पसरली होती.

"एक," ती म्हणाली.

"मग ही बाग नव्हे," मासा म्हणाला. "हे लिही."

भिवरा ओल्या लुगड्याने दरबारात गेली. काखेत बाळ, हातात पाटी. तिने तिन्ही मापं वाचली. एकही आकडा तिने गाळला नाही.

दर्पणनाथ हसला. "बाळंतिणीचं डोकं हलकं असतं, महाराज."

"असेल," भिवरा म्हणाली. "गाठी हलक्या नाहीत."

राजाचा हात मुकुटाकडे गेला. "बाई, उताराचंच माप ठेव. तिथे रंग आहे म्हणतेस. तुझ्या घरी आजच सोन्याचा पाळणा येईल."

"पाळणा आहे माझ्याकडे. मुलीला नाव नाही. पाटीवरचं अक्षर मी पुसणार नाही. माप खोटं वाटत असेल तर तुम्ही उतरा. दोरी तुम्ही टाका. डोळे मात्र मिटा."

 दर्पणनाथाने आरसा पुढे केला. राजाने तो बाजूला सारला, कारण सात वर्षांत आरशाशिवाय त्याला कोणी काही दाखवलंच नव्हतं.

राजाने भिवराला बाळासकट राजनौकेत घेतलं, बागेवर जाऊन डोळे मिटून दोरी टाकली आणि तो पाण्यात उतरला. पहिली गाठ, पांढरं. दुसरी, पांढरं. शंभराव्या गाठीखाली एक खड्डा होता, मुकुटातल्या पोवळ्याच्या मापाचा. भोवती कसलाच आवाज नव्हता. राजा वर आला आणि म्हणाला, "बाईचं माप खरं आहे." मग मुकुटातलं पोवळं काढून, पुन्हा बुडी मारून त्याने ते स्वतःच्या हाताने खड्ड्यात बसवलं.

पाण्याखाली एक लाही फुटली. मग दुसरी. मग सगळी बाग तडतडू लागली, आणि भिवराच्या काखेतल्या बाळाने तोंड उघडून असा टाहो फोडला की राजनौकेवरचे कावळे उडाले.

सातही बेटांवर त्या दिवशी बारशांना घुगऱ्या पुरल्या नाहीत. दर्पणनाथाला दोरीचं टोक धरायचं काम मिळालं, आरसा पोरांना खेळायला गेला. पांढरं एका दिवसात रंगलं नाही. जाती एकेक करून परतल्या. दरसाल राज्यातली एक आई डोळे मिटून दोरी टाके, आणि राजा उभ्याने माप ऐके.

भिवराने मुलीचं नाव गर्जना ठेवलं. ती पहाटेपासून रडत असे. शेजारणी म्हणत, "किती गं रडकी तुझी गर्जना."

"रडू दे," भिवरा म्हणे. तरी जाता-येता नाकाशी बोट धरून बघेच.