झोपेचे माप

अंबादास रखमाजी वेळूकर, वय वर्षे बहात्तर पूर्ण, हे वेळूवाडी नावाच्या एका गावात राहत असत. शाळेची पायरी न चढता, पुड्यांचे कागद जुळवून जुळवून ते वाचायला शिकले होते, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

या गावाचा धंदा एकच: वेळूचे पिंजरे. पोपटाचा, तितराचा, सशाचा, जो मागाल तो पिंजरा वेळूवाडीत मिळे, आणि त्याच्या दारावर करणाऱ्याचा तापल्या लोखंडाने उठवलेला शिक्का असे. शिक्का बापाकडून मुलाकडे येई. ज्याच्या हाती शिक्का तो कारागीर. ज्याच्या हाती नाही तो नुसता कामट्या सोलणारा.

गावाचा नियमही एकच होता. जनावराचे माप ते निजलेले असताना घ्यायचे. पहिल्या पिंजरेवाल्यापुढे आणलेला ससा म्हणे जागेपणी एका ठिकाणी ठरेना. म्हणून त्या बिचाऱ्याने त्याला डुलकी लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग काठी लावली. ती त्याची अडचण होती. सात पिढ्यांत त्या अडचणीचा धर्म झाला. निजलेला ससा दीड वीत, त्याचा पिंजरा दोन वीत. बोटभर जरी अधिक विणले तरी पंच येऊन पिंजरा पायाखाली मोडीत.

अंबादासतात्यांनी पन्नास वर्षे हा नियम पाळला होता. त्यांच्या पिंजऱ्याची कामटी कधी निसटली नाही, दार कधी कुरकुरले नाही.

एके दिवशी परगावची एक बाई डोक्यावर पिंजरा घेऊन त्यांच्या ओसरीशी आली. आत सशांची एक जोडी होती, एक करडा आणि एक पांढरी.

"तात्या, हा तुमचाच शिक्का ना?" तिने विचारले.

"माझाच. काय बिघडले त्याचे?"

"पिंजऱ्याचं काहीच नाही बिघडलं. तीन वर्षांत एक काडी हलली नाही. ससे बिघडले. काढून बघा."

तात्यांनी दार उघडले. करडा ससा बाहेर आला, एक पाऊल त्याने टाकले, आणि त्याचे मागले दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले. तो पोटावर आपटला. मग पुढच्या पायांनी अंग ओढीत ओढीत तो मागे वळला आणि आपण होऊन पिंजऱ्यात जाऊन बसला.

"आता दुसरी जोडी आणते," बाई म्हणाली. "पिंजरा तेवढा ठेवते मी. चांगला आहे."

"बाई, पिंजरा मिळणार नाही," तात्या म्हणाले. "तो चांगला नाही. ससे मात्र येथेच राहू द्या."

बाई नवलाने बघत निघून गेली. तात्यांनी दोन्ही ससे बाहेर काढून ठेवले, कोयता उचलला आणि आपल्याच शिक्क्याचा पिंजरा चौकटीपासून उभा चिरला. उभ्या आयुष्यात त्यांनी मोडलेली ही पहिली वस्तू.

दुसऱ्या दिवशी ते माळावरच्या ओढ्याकाठी गेले. तेथील ओल्या मातीत रानसशाची पावले उमटली होती. तात्यांनी एक उडी मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजली. तीन उड्यांचे सहा हात भरले. मागल्या पायांवर उभा राहून सशाने जेथे बाभळीची साल कुरतडली होती, ती उंचीही त्यांनी मोजली. एवढे करून ते घरी आले आणि माजघरात कोळशाने रेघ ओढू लागले.

"अवो, हे काय चाललंय?" चंद्रभागाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारले.

"वाडगे करतो आहे. शेळ्यांना अंगणात असते तसे, सशांना घरात."

"आणि रेघ पार भिंतीपर्यंत?"

"सहा हात लांब, तीन हात रुंद. कूड अडीच हात उंच."

"आणि मी निजू कुठं? सशाच्या कानावर?"

"आपण दोघे ओसरीवर निजू."

"पन्नास वर्षं संसार केला, आता सशांनी घराबाहेर काढलं म्हणायचं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. पण त्यांनी बाजेचे एक टोक धरले आणि दोघांनी मिळून ती बाहेर नेली.

वाडगे काही पहिल्या फटक्यात साधले नाही. तात्यांनी कामट्या सुंभाने बांधल्या. ससे चालू शकत नसले तरी दात त्यांचे शाबूत होते. सकाळी पाहतात तो कुडाला खिंडार, आणि पांढरी सशीण पोटावर सरपटत जाऊन ज्वारीच्या कणगीला टेकून बसलेली.

"पाय नाहीत म्हणालात ना हो हिला?" चंद्रभागाबाईंनी विचारले.

तात्यांनी सगळे सोडले. कामट्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवल्या, आणि जेथे बांधणे भागच होते तेथे गाठ बाहेरच्या अंगाला घेतली. दोन कामट्यांत दोन बोटे जातील एवढीच फट ठेवली, म्हणजे डोके अडकू नये. फरशीवर पाय घसरत होते, म्हणून दुहेरी तरट अंथरले. लपायला एक पालथा खोका, त्याला दोन दारे. कारण भ्यालेल्या जिवाला एकच दार असले तर ते दार नसून सापळा असतो, असे तात्यांचे मत पडले. एका कोपऱ्यात वाळल्या गवताची पेंढी, दुसऱ्यात पाण्याचे जड मातीचे भांडे, कलंडू नये असे.

मग त्यांनी ससे आत सोडले आणि कुडाबाहेर बैठक मारली.

ससे जागचे हलले नाहीत. सहा हात जागा पुढे पसरलेली असताना ते दोघे भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले. तात्यांनी काठी लावून पाहिली. बरोबर दोन वीत जागा त्यांनी व्यापली होती. जणू जुना पिंजरा तेथे अजून होता.

तात्या रोज हरळीचा जुडगा त्या कोपऱ्यापासून चार बोटे दूर ठेवीत. ससे मान लांब करून पोचेल तेवढे खात, उरलेले तसेच सोडून देत.

इकडे गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. शेजारचा झिपरू माजघरात येऊन कुडावरून डोकावून म्हणाला, "तात्या, घराचं पार खुराडं केलंत की! उद्या बैलाला देवघरात बांधणार काय?"

"बैलाला विचारून सांगतो," तात्या म्हणाले. "तुम्हाला विचारण्यापेक्षा ते बरे."

आठव्या दिवशी पंच आले. पुढे नागोजीराव, गावाच्या मापाची काठी ज्यांच्या हाती असे ते पंचांचे प्रमुख. मागे दोन पंच, आणि त्यांच्या मागे निम्मे गाव. नागोजीरावांनी वाडग्याला काठी लावली, ती पुरली नाही, दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली, आणि मग मोजणेच सोडून दिले.

"अंबादासतात्या, वय झालं म्हणून माफ करतो. संध्याकाळच्या आत हे मोडा. नाहीतर शिक्का द्यावा लागेल."

"नागोजीराव, हे माप मी जाग्या सशाचे घेतले आहे."

"जाग्याचं माप घेत नसतात."

"का?"

"का म्हणजे? घेत नसतात म्हणून!"

"मग तुम्हीही पाय पोटाशी घेऊन निजत असालच," तात्या म्हणाले. "तुमचे घर तेवढेच का बांधले नाही? दोन दालने आणि वर माडी कोणासाठी?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. नागोजीरावांचा चेहरा तांबडा झाला; पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी कोपऱ्याकडे काठी रोखली.

"सगळ्यांनी बघा. सहा हात दिलेत यांनी. आणि ससे कुठं बसलेत? दोन वितीत! जनावरालाच नको आहे हो तुमची जागा. आमच्या मापाची साक्ष तुमचे ससेच देतायत."

लोकांनी पाहिले. खरेच होते ते. ससे हलत नव्हते. चंद्रभागाबाई पदराचे टोक पिळीत उभ्या होत्या आणि मनातल्या मनात सशांना म्हणत होत्या, 'अरे, एक पाऊल टाका रे. एकच.' ससे कान पाडून बसून राहिले.

तात्यांनीही त्यांच्याकडे पाहिले. मग ते ताठ उभे राहिले.

"साक्ष खरी आहे," ते म्हणाले. "पण ती तुमच्या मापाची नाही. ती माझ्या गुन्ह्याची आहे. हे दोन वितीत बसणे यांना आईने शिकवलेले नाही, मी शिकवले आहे, माझ्या पिंजऱ्याने. तीन वर्षे शिकवलेले आठ दिवसांत विसरत नाही कोणी. सात पिढ्यांचे तुम्ही तरी कुठे विसरता आहात?"

"म्हणजे मोडणार नाही?"

"नाही."

"हे ससे जन्मात चालले नाहीत तरी?"

"तरी नाही. ते चालतील म्हणून ही जागा दिलेली नाही. ती त्यांची होती म्हणून दिली आहे. चालायचे की बसायचे ते त्यांचे ते पाहतील."

पंचांनी हुकूम लिहून आणला होता. वाचणारा अडखळू लागला तेव्हा तात्यांनी कागद मागून घेतला आणि आपल्याविरुद्धचा हुकूम पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ आवाजात स्वतःच वाचून दाखवला. मग घरात जाऊन शिक्का आणला. वडिलांचा, आजोबांचा, हाताळून हाताळून दांडी झिजलेला. तो त्यांनी नागोजीरावांच्या हातात दिला.

"मी बहात्तर वर्षांचा आहे," ते म्हणाले. "वाडगे मोडायचे असेल तर मला आधी उचलून बाहेर ठेवावे लागेल. उचला."

ते कुडाला पाठ लावून बसले. पंच एकमेकांकडे पाहू लागले. ओसरीवरच्या बाजेवर बसत चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आणि मला बी उचला. मी जड हाय, सांगून ठेवते."

कोणीही पुढे आले नाही. शिक्का घेऊन पंच गेले, मागोमाग गाव गेले.

त्यानंतर अकरा दिवस काही घडले नाही. तात्या हरळी चार चार बोटे दूर ठेवीत राहिले. बाराव्या दिवशी सकाळी चंद्रभागाबाई भाकरी थापीत होत्या, तात्या दाढी करीत होते, आणि सशांकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तेव्हा करडा ससा उठला. त्याने एक उडी मारली आणि तो पडला. उठला, दुसरी मारली. तिसरीला तो समोरच्या भिंतीशी जाऊन पोचला, आणि तेथे मागल्या पायांवर उभा राहून इकडेतिकडे पाहू लागला.

"अवो," चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या, "गावाला हाक मारू?"

"नको," तात्या गालावर तसाच साबण असताना म्हणाले. "त्याला पाहू दे."

त्या दिवसापासून जे बदलले ते असे. पांढरी सशीण पुढच्या आठवड्यात चालू लागली. अंबादास वेळूकरांना शिक्का परत मिळाला नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नाही. नागोजीराव अजून निजलेल्या जनावराचेच माप घेतात. मात्र गावातल्या पाच घरांनी सशांचे पिंजरे मोडून घरात वाडगी घातली आहेत, आणि त्यांपैकी पहिले घर झिपरूचे आहे.

तात्पर्य: कोंडलेला जीव हलत नाही म्हणून त्याला जागा नको आहे, असा निकाल देऊ नये, आणि ज्याने कोंडले त्याने तर तो कधीच देऊ नये.