पारवीचं खोगीर

फार वर्षांपूर्वी, जनावरं माणसांशी मोकळेपणाने बोलत तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या एका गावात सटवाजी कासार आणि नारोपंत वैद्य यांच्यात मिळून एक घोडी होती, पारवी. बाजारच्या दिवशी ती कासाराच्या बांगड्यांच्या पेट्या वाही, एरवी वैद्यबुवांना.

दोघांचाही तिच्यावर फार जीव. सटवाजीला वाटे, वैद्यबुवा अंगाने भरलेले, घोडीची पाठ सोलून निघायची. म्हणून तो गुपचूप खोगिराला खालून एक घोंगडी शिवून टाकी. नारोपंतांना वाटे, त्या पेट्या बिचारीला टोचत असणार. मग तेही एक घोंगडी शिवत. पारवीला सगळं कळत होतं. पण इतक्या मायेने केलेल्याला नको कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प राहिली.

एकदा वरच्या गावी लग्नाला जाताना घोडीला त्रास नको म्हणून दोघेही पायीच निघाले. पाठीवर नुसतं खोगीर, तरी अर्ध्या घाटात पारवी मटकन खाली बसली.

नारोपंतांनी तिची जीभ पाहिली. "अशक्तपणा आहे. खोगीर आपणच घेऊ."

दोघांनी ते खांद्यावर घेतलं. पहिल्या वळणालाच सटवाजीला धाप लागली आणि वैद्यबुवा दगडावर टेकले. तोवर पारवी उठून टुणटुणीत होऊन पुढे गेली होती. ती मागे वळली, दोघांचे खांदे हुंगले आणि काळजीने म्हणाली, "रुततंय का हो? खालून आणखी एक घोंगडी शिवू या का?"