एका रात्रीचं जानवसघर

सकाळी सव्वानऊला देणगी देणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष नानासाहेब आधारघरात शिरले आणि तिथेच राहणारी सुगंधा पुढे आली. घरातून हाकललेल्या बायकांना पायावर उभं राहीपर्यंत तिथे आसरा मिळायचा. पण पैसा संपला होता. आज नकार आला की तान्ह्या लेकराला घेऊन ती रस्त्यावर.

"सहा महिन्यांत निघून जाणार तुम्ही," नानासाहेब म्हणाले. "चार दिवसांच्या पाहुण्यांवर कोण खर्च करतं?"

सुगंधाने लेकराला खांद्यावर घेतलं. "नानासाहेब, तुमच्या मुलीच्या लग्नात मी पोळ्या लाटायला होते. वऱ्हाडाला जानवसघर दिलंत, गाद्या काय, कूलर काय! वऱ्हाड तर एका रात्रीत परतलं. देवळाच्या ओट्यावर का नाही झोपवलंत?"

"अगं, लेकीच्या सासरची माणसं ती! ओट्यावर झोपवून तोंड कुठे दाखवू?"

"सासरच्यांना एक रात्र ओट्यावर ठेववत नाही, आणि सासरनं हाकललेल्या लेकींना ठेववतं?"

नानासाहेबांनी मदत मंजूर केली, पण एकाच वर्षाची. पुढचं कुणालाच ठाऊक नाही, आणि सुगंधाला अजून धड झोप लागत नाही. तरी बायांनो, तुमच्या गल्लीत कुणी लेकरू आणि पिशवी घेऊन बंद दारापुढे उभी दिसली, तर तिला एवढं सांगा: यंदा आधारघर उघडं आहे.