नदीपलीकडचा मुलूख

"मग लिहिणार काय, भाऊ? आमी इथं होतो का नव्हतो?"

वेस्ता आजाने सरळच विचारलं. जंगलावरचा गावाचा दावा अडला होता. गाव जुनं की उपरं, यावर विद्यापीठातल्या उन्मेष सबनीसचं मत सोमवारी कचेरीत जायचं होतं.

चार वर्षं उन्मेष आजाच्या पायाशी बसून बोली शिकला होता. पण दप्तरखान्यातला कागद निघाला, की स्वारीची मान ताठ व्हायची.

"आजा, कागद नाही म्हणतो. दीडशे वर्षांपूर्वी मोजणीचा गोरा साहेब इथून गेला. त्याची रोजनिशी मी उतरवून आणलीय."

"आणि आमची होळी?"

"तीही लिहिलीय, या दुसऱ्या वहीत. पण ती रीत झाली. इतिहास नाही."

आजा गालात हसला.

"दोन्ही उघड. एक ओळ हिच्यातली वाच, एक तिच्यातली."

म्हाताऱ्याची हौस म्हणून उन्मेषने दोन्ही वह्या मांडीवर घेतल्या.

"'नदीला कमरेइतकं पाणी. खुर्चीत बसून पार झालो.'"

"आता आमची."

"'होळीच्या दुसऱ्या दिवशी एकाला पानांची टोपी घालून बाजेवर बसवतात. चौघं त्याला खांद्यावरून नदीपार नेतात...'"

उन्मेष अडखळला. साहेबाची खुर्ची आपण होऊन चालत गेली नसणार, हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"वाच."

"'पलीकडे पोचताच चार काडतुसं उडवली. शिकार हाती नाही.'"

"आता आमची."

पुढचं उन्मेषने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. शेजारी 'सुगीचा विधी असावा' अशी ऐटदार टीपही होती.

"'पलीकडे टोपीवाला चार टाळ्या वाजवतो. दर टाळीला खांदेकऱ्यांतला एक जण आडवा पडतो. बाया त्यांच्यावर... पळसाची फुलं घालतात.'"

वही त्याच्या हातातून खाली पडली. चारही होळ्यांना त्यानेच तिथे उभं राहून हौसेने फोटो काढले होते.

आजाने वही उचलली, धूळ झटकली, परत दिली.

"साहेबाची शेवटची ओळ राहिली, भाऊ."

"'नदीपलीकडचा मुलूख... निर्मनुष्य.'" उन्मेष ओरडलाच, "खोटं लिहिलं, आजा! धडधडीत खोटं!"

आजाने मान हलवली.

"खोटं नाही. त्यानं लिहिलं, तवा तिथं कोणी उरलं नव्हतं."